परदेशातल्या आंतरराष्ट्रीय शाळेत शिक्षकाची नोकरी: पात्रतेपासून करारापर्यंत

दुसऱ्या देशातून शिक्षक बोलावताना मुख्याध्यापक कधीही प्रत्यक्ष न भेटलेल्या माणसाच्या हाती वीस-पंचवीस मुलांचा वर्ग सोपवतात. व्हिसा, विमानाचं तिकीट, घर यांवर शाळेचा खर्च आधी होतो आणि माणूस कसा शिकवतो ते नंतर कळतं. तो दोन महिन्यांत सोडून गेला तर वर्षाच्या मधेच दुसरा मिळणं कठीण, आणि तोवर परीक्षेच्या वर्गाचं नुकसान झालेलं असतं. या क्षेत्रातली भरतीची सगळी पद्धत याच धास्तीतून घडली आहे. गोपनीय रेफरन्स (आधीच्या वरिष्ठांचा अभिप्राय), अनेक देशांचे पोलीस दाखले, दोन वर्षांच्या अनुभवाची अट, या सगळ्यामागे ती आहे. म्हणून प्रत्येक टप्प्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: समोरच्याच्या मनातली कोणती शंका मी आत्ता दूर करतो आहे?

दुसरी गोष्टही सुरुवातीलाच समजून घ्यावी. शाळा निवडते, पण कामाचा परवाना देश देतो. मुलाखत उत्तम झाली, ऑफर आली आणि मग पदवीचं अटेस्टेशन, म्हणजे ती खरी असल्याचं अधिकृत साक्षांकन, अडलं म्हणून नोकरी हातची गेली, असं होऊ शकतं. त्यामुळे अर्जाची तयारी आणि कागदपत्रांची तयारी एकाच वेळी सुरू करायची.

शाळा कोणत्या प्रकारची आहे ते आधी पाहा

‘इंटरनॅशनल’ हा शब्द पाटीवर कोणीही लिहू शकतो. अभ्यासक्रम कोणता, मान्यता कोणाची आणि मालकी कोणाकडे, या तीन गोष्टींवरून शाळा खरी कळते.

अभ्यासक्रमाचे मोठे प्रवाह तीन. पहिला आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट. १९६८ साली जिनिव्हात स्थापन झालेल्या या संस्थेचे प्राथमिक वयासाठी पीवायपी, मधल्या वयासाठी एमवायपी आणि शेवटच्या दोन वर्षांसाठी डिप्लोमा व करिअर-रिलेटेड असे चार कार्यक्रम आहेत. दुसरा ब्रिटिश. यात केंब्रिज किंवा पिअर्सन एडेक्सेलच्या आयजीसीएसई (साधारण सोळाव्या वर्षी) आणि ए लेव्हल (अठराव्या वर्षी) परीक्षा असतात. तिसरा अमेरिकन. त्यात वरच्या वर्गांना बहुधा कॉलेज बोर्डाचे एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे, विषय असतात. यांखेरीज फ्रेंच, जर्मन, कॅनडियन, ऑस्ट्रेलियन अभ्यासक्रमांच्या शाळाही आहेत.

शाळा आयबीची असल्याचं सांगत असेल तर आयबीच्या संकेतस्थळावरच्या यादीत तिचं नाव शोधा. ‘उमेदवार शाळा’ असं लिहिलं असेल तर मान्यता अजून मिळालेली नाही, मिळवण्याची प्रक्रिया सुरू आहे. तिथे जाऊ नये असं नाही, पण पहिली दोन वर्षं कागद रंगवण्यात बराच वेळ जाईल हे माहीत असावं. शाळेच्या एकूण दर्जाची तपासणी सीआयएस, अमेरिकन पद्धतीत एनईएएससी, डब्ल्यूएएससी किंवा कॉग्निया, ब्रिटिश पद्धतीत कोबिस यांसारख्या संस्था करतात. काही ठिकाणी सरकारी तपासणीचे अहवालही खुले असतात. दुबईतल्या खाजगी शाळांचे केएचडीए या तिथल्या सरकारी शिक्षण प्राधिकरणाने प्रसिद्ध केलेले अहवाल कोणालाही वाचता येतात. अर्ज करण्याआधी असा एखादा अहवाल अख्खा वाचा. शाळेच्या माहितीपत्रकात न सापडणाऱ्या गोष्टी तिथे असतात: शिक्षक किती टिकतात, गणित कच्चं आहे का, विशेष गरजा असलेल्या मुलांची सोय कशी आहे.

मालकीचा मुद्दा लोक विसरतात. पालकांच्या विश्वस्त मंडळाने चालवलेली ना-नफा शाळा, मोठ्या शिक्षणसमूहाची शाळा आणि एका कुटुंबाच्या मालकीची शाळा, तिन्हींत निर्णय वेगवेगळ्या तऱ्हेने होतात. कुटुंबाच्या मालकीच्या शाळेत मालकाच्या स्वभावावर बरंच अवलंबून असतं. समूहाच्या शाळेत नियम पक्के असतात, दुसऱ्या देशातल्या शाखेत बदलीची शक्यता असते, मात्र कराराचा मसुदा शिक्षकाच्या सोयीने सहसा बदलत नाही.

तुमची पात्रता त्यांच्या चौकटीत कुठे बसते

चांगल्या शाळांची किमान अपेक्षा साधारण अशी असते: विषयातली पदवी, शिक्षक म्हणून काम करण्याची मान्यताप्राप्त पात्रता आणि पात्रता मिळाल्यानंतर दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव. दोन वर्षांचा आकडा कित्येक देशांच्या व्हिसाच्या अटींतही येतो, म्हणून शाळेला मनात असूनही तो सोडता येत नाही. पात्रतेआधीचा शिकवणीचा, खाजगी क्लासचा किंवा अर्धवेळ अनुभव बऱ्याचदा मोजला जात नाही.

सर्वांत जास्त गोंधळ ब्रिटिश पात्रतांबाबत होतो, आणि त्यात पैसे वाया जातात. पीजीसीई ही विद्यापीठाची शैक्षणिक पात्रता. क्यूटीएस हा इंग्लंडमधल्या सरकारी व्यवस्थेचा ‘पात्र शिक्षक’ हा दर्जा. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. पीजीसीईची बहुतांशी ऑनलाइन होणारी आंतरराष्ट्रीय आवृत्ती, पीजीसीईआय, घेतल्याने क्यूटीएस मिळत नाही. जाहिरातीत ‘क्यूटीएस आवश्यक’ असं असेल आणि हातात फक्त पीजीसीईआय असेल, तर अर्ज पहिल्याच चाळणीत गळतो. पीजीसीईआय निरुपयोगी नाही, पण फी भरण्याआधी आपल्याला नेमकं काय मिळणार हे कळलं पाहिजे. इंग्लंडबाहेर पात्र झालेल्या शिक्षकांसाठी इंग्लंडच्या शिक्षण विभागाने फेब्रुवारी २०२३ पासून क्यूटीएस मिळवण्याचा मार्ग अधिक देशांना खुला केला आहे. काही देशांच्या शिक्षकांसाठी तो गणित, विज्ञान आणि भाषा या विषयांपुरता आहे. अर्जाला शुल्क नाही. आपला देश आणि विषय बसतो का, हे सरकारी संकेतस्थळावरच तपासा, एजंटाच्या सांगण्यावर विसंबू नका.

अमेरिकन शाळांना एखाद्या राज्याचा अध्यापन परवाना असला की बरं वाटतं. काही अभ्यासक्रम अमेरिकेबाहेर राहून पूर्ण करता येतात आणि त्यातून परवाना मिळू शकतो. त्यासाठी बहुधा विषयाच्या प्रॅक्सिस, म्हणजे शिक्षकांच्या परवान्यासाठीच्या, परीक्षा द्याव्या लागतात. मात्र हातात पक्की बी.एड. आणि पाच-सात वर्षांचा अनुभव असेल, तर दुसऱ्या पात्रतेवर खर्च करण्याआधी दहा-पंधरा जाहिराती नीट वाचा. ‘किंवा समकक्ष’ हे शब्द बऱ्याच ठिकाणी दिसतील.

पदवीचा विषय आणि शिकवण्याचा विषय जुळणं महत्त्वाचं आहे. अभियांत्रिकीची पदवी घेऊन वर्षानुवर्षं उत्तम गणित शिकवलेल्या माणसालाही काही देशांत परवान्यासाठी अडवतात, कारण पदवीवर ‘गणित’ हा शब्द नसतो. दूरशिक्षणाने घेतलेल्या पदव्यांबाबत काही आखाती देशांत अधिक कडक पडताळणी होते. आपली पदवी अशी असेल तर हा प्रश्न ऑफर स्वीकारण्याआधी शाळेच्या एचआरला लेखी विचारा.

मागणी विषयागणिक बदलते. भौतिकशास्त्र, गणित, रसायनशास्त्र, संगणकशास्त्र यांच्या वरच्या वर्गांना शिकवणारे शिक्षक कमी मिळतात. प्राथमिक वर्ग, इंग्रजी आणि इतिहास यांना अर्जांचा ढीग पडतो. दोघंही शिक्षक असलेलं जोडपं शाळांना आवडतं, कारण एका घरात दोन जागा भरतात.

राष्ट्रीयतेबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. काही देशांत इंग्रजी भाषाशिक्षकाचा व्हिसा ठरावीक देशांच्या नागरिकांनाच मिळतो. दक्षिण कोरियाचा ई-२ भाषाशिक्षक व्हिसा हे त्याचं ठळक उदाहरण. विषयशिक्षकांना वेगळे नियम लागू होतात, म्हणून इंग्रजीऐवजी विज्ञान शिकवणाऱ्याला तेच दार उघडं असू शकतं. कायद्याची अट नसताना केवळ पासपोर्ट किंवा उच्चार पाहून अर्ज बाजूला ठेवणाऱ्या शाळाही आहेत. हा अन्याय आहे, आणि तो तुमच्या गुणवत्तेचा निकाल नव्हे. शाळेच्या संकेतस्थळावर शिक्षकांची यादी असते. तिथे सगळे एक-दोनच देशांचे दिसले तर तो वेळ दुसऱ्या शाळेच्या अर्जाला द्या.

‘आयबीचा अनुभव हवा’ ही अट आणि अनुभव मिळवायला आयबीची शाळा हवी, हा पेच फोडण्याचे मार्ग आहेत. आहात त्याच देशातल्या आयबी किंवा केंब्रिज शाळेत आधी दोन वर्षं काम करणं हा सर्वांत खात्रीचा. आयबीची पहिल्या श्रेणीची कार्यशाळा नवख्यांसाठीच असते. ती केली की निदान शब्दावली आणि मूल्यमापनाची रीत कळते. नव्याने सुरू होणाऱ्या किंवा मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या शाळा अनुभवाबाबत थोड्या सैल असतात. पहिली परदेशी नोकरी तिथे आणि दुसरी हव्या त्या शहरात, असा क्रम बऱ्याच जणांना जमतो.

कागदपत्रं: जाहिरात दिसण्याआधी सुरुवात

इथे महिने जातात, आणि लोक इथेच उशीर करतात. पदवी आणि शिक्षक-पात्रतेची मूळ प्रमाणपत्रं, सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, अनुभवाची पत्रं, पोलीस दाखले, जन्माचा आणि लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि पासपोर्ट एवढं जमवायचं आहे. पासपोर्टची मुदत कराराच्या काळाला पुरेल इतकी आणि कोरी पानं चार-सहा तरी असावीत.

मूळ प्रमाणपत्रं लॅमिनेट करू नका. त्यांच्या मागच्या बाजूला शिक्के आणि स्टिकर लागतात, आणि लॅमिनेशनवर ते लागत नाहीत. केलेलं असेल तर विद्यापीठाकडे दुय्यम प्रतीचा अर्ज आजच करा.

नाव हा दुसरा सापळा. पदवीवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. एका कागदावर वडिलांचं नाव पूर्ण, दुसऱ्यावर फक्त आद्याक्षर. लग्नानंतर नाव बदललेलं, पण पदवी जुन्या नावाची. परदेशातल्या कारकुनाला ही दोन वेगळी माणसं दिसतात. सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडून नावाचं प्रत्येक अक्षर पासपोर्टशी ताडून पाहा. फरक असेल तर नाव एकाच व्यक्तीचं असल्याचं प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातली नोंद आधीच तयार ठेवा.

अनुभवाच्या पत्रात फक्त ‘आमच्याकडे काम करत होते, शुभेच्छा’ असं असेल तर ते उपयोगाचं नाही. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पूर्णवेळ की अर्धवेळ, पद, विषय, मुलांचा वयोगट, अभ्यासक्रम, सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि शाळेचा ईमेल हे सगळं लेटरहेडवर हवं. जुनी शाळा बंद पडली, मुख्याध्यापक बदलले की असं पत्र मिळवणं अवघड होतं. म्हणून शाळा सोडतानाच ते घ्यायचं.

कागद खरे असल्याची साखळी दोन प्रकारची असते. १९६१ च्या हेग करारात दोन्ही देश असतील तर अपोस्टिल पुरतं. एकच शिक्का, वकिलातीची पायरी नाही. सौदी अरेबिया २०२२ मध्ये आणि चीन २०२३ मध्ये या करारात आले. संयुक्त अरब अमिरात त्यात नाही. तिथल्यासाठी आपल्या देशाचं परराष्ट्र खातं, अमिरातीची वकिलात आणि शेवटी तिथलं परराष्ट्र खातं अशी लांब साखळी असते. आणखी एक बारकावा आहे: नव्याने सामील होणाऱ्या देशावर जुना सदस्य आक्षेप घेऊ शकतो, आणि मग त्या दोघांपुरता करार लागू होत नाही. म्हणून ‘दोघंही सदस्य आहेत’ एवढ्यावर थांबू नका. हेग परिषदेच्या संकेतस्थळावरच्या तक्त्यात आक्षेपाची नोंद आहे का तेही पाहा.

पोलीस दाखला फक्त आत्ताच्या देशाचा पुरत नाही. जिथे जिथे काही महिन्यांहून अधिक राहिलात तिथला प्रत्येक दाखला मागतात, कधी गेल्या दहा वर्षांचा. ब्रिटनमध्ये राहिलेल्यांना मुलांबरोबरच्या कामासाठी आयसीपीसी नावाचा दाखला काढावा लागतो, अमेरिकेत राहिलेल्यांना एफबीआयचा, बोटांच्या ठशांसकट. या दाखल्यांची उपयुक्तता बहुधा तीन ते सहा महिनेच धरतात. त्यामुळे ते फार आधी काढून ठेवण्यात अर्थ नाही. कुठे अर्ज करायचा, ठसे कुठे द्यायचे, किती आठवडे लागतात, एवढं मात्र माहीत करून ठेवा. एखादा देश सोडतानाच तिथला दाखला काढणं नंतरच्या मानाने खूप सोपं पडतं.

वर्षाचं चक्र

ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होणाऱ्या शाळांत सध्याच्या शिक्षकांना साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये विचारतात: पुढच्या वर्षी राहणार की जाणार? त्यावरून रिकाम्या जागा ठरतात. नोव्हेंबर ते मार्च हा भरतीचा मुख्य काळ. मोठे भरती-मेळावे याच दिवसांत होतात, आणि आता बरीचशी भरती थेट व्हिडिओ मुलाखतीवरच उरकते. सर्वांत नावाजलेल्या शाळा डिसेंबर-जानेवारीतच जागा भरून मोकळ्या होतात. एप्रिल ते जुलै हा उरलेल्या आणि ऐनवेळी रिकाम्या झालेल्या जागांचा काळ. इथे स्पर्धा कमी असते, पण कागदपत्रं तयार असलेल्यालाच फायदा होतो, कारण शाळेकडे वेळ नसतो. जानेवारीत वर्ष सुरू होणाऱ्या दक्षिण गोलार्धातल्या शाळांचं चक्र सहा महिने पुढे सरकवून मोजा.

म्हणजे पुढच्या ऑगस्टची नोकरी हवी असेल तर आदल्या वर्षीच्या जून-जुलैत कागद जमवायला लागा, सप्टेंबरात सीव्ही आणि रेफरन्स तयार ठेवा, ऑक्टोबरात नोंदणी करा.

जागा कुठे सापडतात

सर्च असोसिएट्स, आयएसएस, श्रोल, टीचर होरायझन्स, टीआयई आणि ब्रिटिश पद्धतीच्या जागांसाठी टेस ही शिक्षकभरतीच्या संस्था आणि संकेतस्थळांतली ओळखीची नावं. काही ठिकाणी उमेदवाराची छाननी होते, रेफरन्स आधीच गोळा होतात आणि एक सल्लागार नेमून देतात. काही निव्वळ जाहिरातींचे फलक आहेत. दोन-तीन ठिकाणी नीट भरलेली नोंदणी दहा ठिकाणच्या अर्धवट नोंदणीपेक्षा जास्त कामाची.

याला जोडून थेट शाळांच्या संकेतस्थळांचा रतीब ठेवा. आवडलेल्या पंचवीस-तीस शाळांची यादी करा आणि दर आठवड्याला एका ठरावीक वारी त्यांची भरतीची पानं पाहा. एका तक्त्यात शाळा, जागा, अर्जाची तारीख, कोणाला लिहिलं, उत्तर काय आलं हे टिपत जा. शेवटच्या तारखेपर्यंत थांबू नका. पसंतीचा उमेदवार मिळताच शाळा भरती बंद करतात, आणि तसं जाहिरातीत लिहिलेलंही असतं.

सीव्ही आणि पत्र

सीव्ही दोन पानी असावा. वर नाव, राष्ट्रीयत्व, सध्याचं ठिकाण, सोबत येणारी माणसं आणि कधीपासून रुजू होऊ शकता, हे चार ओळींत. ही माहिती लपवून उपयोग नाही, कारण व्हिसा आणि घराचा खर्च त्यावरच ठरतो.

इयत्ता त्यांच्या भाषेत लिहा. ब्रिटिश इयर ७ म्हणजे अमेरिकन ग्रेड ६, मुलं अकरा-बारा वर्षांची. ब्रिटिश आकडा एकने मोठा, वरपर्यंत तसाच, इयर १३ म्हणजे ग्रेड १२. कंसात वय दिलं की कोणाचाच गोंधळ होत नाही.

आता एक ओळ जवळून पाहू. बहुतेक सीव्हींत असं असतं: ‘वरच्या वर्गांना गणित शिकवले, निकाल उत्तम लागला.’ वाचणाऱ्याला यातून काहीच कळत नाही. तीच ओळ अशी लिहा: ‘केंब्रिज आयजीसीएसई गणित ०५८०, इयर १० आणि ११ (वय १४ ते १६), दोन तुकड्या, प्रत्येकी २६ विद्यार्थी, आठवड्याला ५ तास, सराव परीक्षेतल्या चुकांवरून दर पंधरवड्याला गट बदलून शिकवणे.’ आता मुख्याध्यापकांना वर्ग दिसतो, वय दिसतं, अभ्यासक्रम दिसतो आणि शिक्षक काय करतो तेही दिसतं. निकालाचा आकडा द्यायचा तर किती मुलांपैकी किती, तेही द्या. राष्ट्रीय अभ्यासक्रम शिकवला असेल तर त्यातला कोणता भाग त्यांच्या अभ्यासक्रमाशी जुळतो हे एका ओळीत सांगा.

कारकीर्दीत मोकळे महिने असतील तर स्पष्ट लिहा: आजारपण, बाळंतपण, घरच्यांची देखभाल, शिक्षण. मुलांच्या सुरक्षिततेच्या नियमांमुळे शाळांना प्रत्येक खंडाचं कारण विचारावंच लागतं. कारण साधं असतं, पण न लिहिल्याने संशय येतो.

सोबतचं पत्र एका पानाचं. पहिल्या परिच्छेदात याच शाळेबद्दल काहीतरी नेमकं हवं, तिचा अहवाल वाचल्याची खूण पटेल असं. पत्रात दुसऱ्याच शाळेचं नाव राहून जाण्याची चूक फार होते. पाठवण्याआधी तेवढं एकदा तपासा.

रेफरन्स

किमान दोन, बहुधा तीन रेफरन्स लागतात आणि त्यांत सध्याचे मुख्याध्यापक किंवा थेट वरिष्ठ हवेतच. ‘ज्यांना संबंधित आहे त्यांस’ असं उघडं पत्र चालत नाही. शाळा थेट त्यांच्या अधिकृत ईमेलवर गोपनीय फॉर्म पाठवते, आणि त्यात सरळ विचारलेलं असतं: ही व्यक्ती मुलांबरोबर काम करायला योग्य आहे का? पुन्हा नोकरीवर घ्याल का?

त्यामुळे सध्याच्या मुख्याध्यापकांना कधी सांगायचं हा खरा नाजूक प्रश्न. आधी सांगितलं तर नाराजी, उशिरा सांगितलं तर त्यांना अनपेक्षित ईमेल येतो आणि उत्तर कोरडं जातं. अर्जात ‘मुलाखतीनंतर माझ्या परवानगीने संपर्क करावा’ असं लिहिता येतं, बहुतेक शाळा ते मानतात. पण पहिली गंभीर मुलाखत ठरली की मात्र लगेच भेटून सांगा. त्यांचं उत्तर आठवडाभर आलं नाही म्हणून शाळा पुढच्या उमेदवाराकडे वळू शकते. म्हणून नम्रपणे आठवण करून द्यायला लाजू नका.

मुलाखत

पहिली फेरी बहुधा तीस ते पंचेचाळीस मिनिटांची, व्हिडिओवर. वेळ कोणत्या देशाची आहे हे लेखी पक्कं करा. घड्याळ पुढे-मागे करणाऱ्या देशांमुळे मार्च आणि ऑक्टोबरात एका तासाचा घोळ होतो. दुसऱ्या फेरीत विभागप्रमुख, कधी डेमो लेसन किंवा वर्गाचं रेकॉर्डिंग. मुलांचे चेहरे दिसणारं रेकॉर्डिंग शाळेच्या आणि पालकांच्या परवानगीशिवाय पाठवलंत तर तुमची सुरक्षिततेची समज तिथेच उघडी पडते.

प्रश्न साधारण ठरलेले असतात. एकाच वर्गातल्या वेगवेगळ्या पातळ्यांना कसं शिकवता, इंग्रजी नुकतीच शिकणाऱ्या मुलाला तुमच्या विषयात कशी मदत कराल, न जमलेल्या तासाबद्दल सांगा, नाराज पालकांना कसं तोंड दिलंत. प्रत्येकाला एक खरा प्रसंग तयार ठेवा: वर्ग कोणता, अडचण काय, तुम्ही काय केलंत, पुढे काय झालं. तत्त्वज्ञान कमी, वर्ग जास्त.

एक प्रश्न मात्र जवळपास हमखास येतो आणि त्याचं चुकीचं उत्तर चांगल्या उमेदवारालाही बाहेर काढतं. ‘तासानंतर एक मुलगी थांबते आणि म्हणते, मला काहीतरी सांगायचंय, पण कुणाला सांगणार नाही असं वचन द्या. तुम्ही काय कराल?’ प्रेमळ शिक्षकाच्या तोंडून पटकन निघतं, ‘हो, सांग ना, तुझ्या-माझ्यात राहील.’ ते चुकतं. योग्य क्रम असा: वचन द्यायचं नाही, तुला सुरक्षित ठेवायला मदत लागली तर मला योग्य व्यक्तीला सांगावं लागेल, हे शांतपणे सांगायचं. मग ऐकून घ्यायचं. ‘त्यांनीच मारलं का?’ असे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारायचे नाहीत. ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहून काढायचं आणि त्याच दिवशी शाळेतल्या बालसुरक्षेच्या नियुक्त अधिकाऱ्याला द्यायचं. स्वतः चौकशी करायची नाही, पालकांना परस्पर फोन करायचा नाही. या उत्तरात शाळेला तुमच्यावर किती विसंबता येईल ते दिसतं.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ असं म्हणतात तेव्हा हे विचारा: ही जागा का रिकामी झाली? गेल्या वर्षी किती शिक्षक गेले? आठवड्याला प्रत्यक्ष तासिका किती? शक्य असल्यास त्याच विभागातल्या सध्याच्या शिक्षकाशी बोलू द्यावं, अशी विनंती करा. चांगली शाळा स्वतःहून गाठ घालून देते.

ऑफर आणि करार

करार बहुधा दोन वर्षांचा असतो. पगाराच्या आकड्यावर डोळे खिळतात, पण हाती किती उरतं ते बाकीच्या कलमांवर ठरतं. घर शाळा देते की भत्ता देते? भत्ता असेल तर त्या भागात घर मिळतं का, आणि वर्षाचं भाडं आगाऊ भरावं लागलं तर शाळा उचल देते का? विमानाचं तिकीट दरवर्षी की फक्त येता-जाता, कुटुंबासह की एकट्याचं? मुलांना प्रवेश किती जणांना, फी पूर्ण माफ की टक्क्यांत, आणि जागा नक्की आहे की ‘उपलब्ध असल्यास’? ‘उपलब्ध असल्यास’ हे दोन शब्द कुटुंबाचं गणित उलटवू शकतात. आरोग्यविम्यात आधीपासूनचे आजार, बाळंतपण आणि दात वगळलेत का? पगार कोणत्या चलनात, आणि सुट्टीच्या महिन्यांतही मिळतो का?

मूळ पगार आणि भत्ते यांची विभागणी का पाहायची, ते अमिरातीच्या उदाहरणाने लगेच कळेल. तिथे नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी असते. समजा दोन शाळा महिन्याला १२,००० दिरहम देतात. पहिलीत मूळ पगार ९,००० आणि दुसरीत ५,०००. दोन वर्षांनी पहिल्या शाळेतून १२,६०० दिरहम मिळतील, दुसऱ्या शाळेतून ७,०००. महिन्याचा आकडा सारखाच, तरी ५,६०० दिरहमचा फरक.

मुदतीआधी सोडल्यास काय परत करावं लागेल, नोटीस किती, परिवीक्षा (प्रोबेशन) काळात शाळा किती दिवसांत काढू शकते, ही कलमं दोनदा वाचा. तोंडी दिलेलं आश्वासन ईमेलवर लिहून मागा. करार स्थानिक भाषेतही असेल तर कोणती प्रत कायद्याने ग्राह्य आहे ते विचारा. वाचायला दोन-तीन दिवस मागणं रास्त आहे. मात्र एकदा सही करून नंतर चांगली ऑफर आली म्हणून मागे फिरू नका. हे वर्तुळ लहान आहे, मुख्याध्यापक एकमेकांना ओळखतात, आणि भरती संस्था अशा उमेदवाराला पुन्हा उभं करत नाहीत.

फसवणूक ओळखताना

मुलाखतीशिवाय ऑफर, शाळेच्या नावाशी जुळणारा पण मोफत सेवेवरचा ईमेल, बाजारभावाच्या दुप्पट पगार आणि मग ‘व्हिसा वकिलाची फी आज भरा, रुजू झाल्यावर परत मिळेल’. हा साचा जुना आहे आणि अजून लोक त्यात अडकतात. शाळेचा फोन नंबर त्या ईमेलमधून न घेता शाळेच्या संकेतस्थळावरून घ्या आणि विचारा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात, खाजगी भरती संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये हेच तत्त्व आहे. काही नामांकित संस्था नोंदणीचं थोडं शुल्क घेतात, ते सुरुवातीलाच उघड सांगून. नोकरी ‘लागल्यावर’ पैसे मागणारा माणूस दिसला की तिथेच थांबा.

‘आधी टुरिस्ट व्हिसावर या, इथे आल्यावर करू’ असं खरी शाळाही कधी म्हणते. पर्यटक म्हणून येऊन व्हिसा बदलण्याची सोय कायद्याने देणारे देश आहेत, पण बऱ्याच ठिकाणी पर्यटक व्हिसावर वर्ग घेणं बेकायदेशीर आहे, आणि दंड किंवा हद्दपारी शिक्षकाच्या वाट्याला येते. चीनमध्ये कामासाठी झेड व्हिसा प्रवासाआधी घ्यावा लागतो आणि पोचल्यावर ३० दिवसांच्या आत निवास परवान्याचा अर्ज करावा लागतो.

सही झाल्यानंतर

सध्याच्या नोकरीचा राजीनामा सही केलेला करार हातात आल्यावरच द्या, आणि नोटीसची मुदत परवानगी देत असेल तर कामाचा परवाना मंजूर होईपर्यंत थांबा. वैद्यकीय तपासणीत छातीचा एक्स-रे आणि रक्ततपासण्या असतात. आखाती देशांत क्षयरोग आणि एचआयव्ही तपासतात आणि त्यावरून निवास परवाना नाकारला जाऊ शकतो. रोजची औषधं चालू असतील तर ती त्या देशात कायदेशीर आहेत का ते आधी पाहा. लक्ष केंद्रित होण्यासाठीची, तीव्र वेदनेवरची आणि झोपेची काही औषधं परवानगीशिवाय नेता येत नाहीत. डॉक्टरांचं पत्र आणि मूळ डबी सोबत ठेवा.

जोडीदाराला आश्रित व्हिसावर काम करता येतं का, लग्न न झालेल्या जोडीदाराला व्हिसा मिळतो का, याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. कर कुठे भरायचा हे आपण वर्षात किती दिवस कुठे राहतो आणि दोन्ही देशांत करार आहे का यावर ठरतं. निघण्याआधी एकदा करसल्लागाराचा तास घेतलेला बरा. निवृत्तीवेतनाचं मायदेशातलं योगदान थांबणार असेल तर तेवढी रक्कम दरमहा बाजूला काढण्याची सोय पहिल्या पगारापासूनच करा.

प्रवासात मूळ कागद सामानात टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. सगळ्यांच्या स्कॅन प्रती दोन ठिकाणी साठवा, पासपोर्ट आकाराचे दहा-बारा फोटो बरोबर घ्या आणि पहिल्या सहा आठवड्यांचा खर्च भागेल एवढे पैसे जवळ असू द्या. बऱ्याच ठिकाणी निवास परवाना झाल्याशिवाय बँकेत खातं उघडत नाही आणि खातं नसेल तर पहिला पगार रखडतो. शाळेने पासपोर्ट परवान्याच्या कामासाठी घेतला तर पोचपावती आणि परतीची तारीख लेखी घ्या. काम झालं की तो आपल्याच ताब्यात असला पाहिजे.